एका खिळ्यावरचा न्याय

संसार प्रेमावर चालत नाही, न्यायावर चालतो. आणि न्याय माणसाच्या मनात नसतो, तो काट्यावर असतो, असं निरीक्षकांचं आयुष्यभराच्या अनुभवातून बनलेलं मत होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात हा न्याय बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, एका खिळ्याला टांगलेला असे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या खिळ्यावर घड्याळ असायचं. निरीक्षकांच्या आईने लग्नात दिलेलं. गोल, पितळी कडेचं, तासाला टोले देणारं आणि प्रत्येक टोल्याआधी म्हाताऱ्यासारखं खाकरणारं. तिसऱ्या रविवारी त्याच खिळ्यावर बदकं असायची. ती सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी भरलेली, काचेच्या चौकटीत बसवलेली. ओळीतलं शेवटचं बदक दोरा संपल्यामुळे वेगळ्याच रंगाचं झालं होतं, त्याला सासूबाई पिल्लू म्हणत. पहिल्या रविवारी जेवायला निरीक्षकांचे आईवडील येत, तिसऱ्या रविवारी सासूसासरे. एरवी खिळा रिकामा, आणि घड्याळ नि बदकं पलंगाखाली एकमेकांना टेकून.

निरीक्षक वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानांतले काटे तपासायचे, खऱ्या वजनावर शिक्का मारायचा, खोटं जप्त करायचं. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की गल्लीच्या टोकाच्या दुकानात पारड्याखाली चिकटवलेलं मेण आपोआप गळून पडतं, अशी त्यांची ख्याती. बायको भूलतज्ज्ञ. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनआधी माणसांना झोपवायचं आणि नंतर उठवायचं, हा तिचा धंदा. “माझे पेशंट भांडत नाहीत,” ती म्हणायची. “मोजायला सांगते आणि मोजता मोजता झोपतात. तुझ्याकडे काय, सगळे जागे.”

दोन्ही रविवारी जेवण एकच असे. सूप, भाजलेली कोंबडी, बटाटे, शेवटी पुडिंग. एका तिसऱ्या रविवारी बायकोने कोंबडीऐवजी मासा आणला, तर निरीक्षक तो दुकानात परत करून आले.

“उद्या आईच्या कानावर गेलं, तिकडे मासा आणि इकडे कोंबडी, तर?”

“जाणार कसं? त्या दोघी भेटतात कुठे?”

“प्रश्न तत्त्वाचा आहे.”

भेटत नव्हत्याच. लग्नाच्या दिवशी एकमेकींना नमस्कार केला, त्यालाही नऊ वर्षं झाली होती. न भेटण्याची सोय या नवराबायकोनेच करून ठेवली होती, आणि सुरुवात अगदी निरागस होती. लग्नानंतर कधीतरी आईचा फोन आला, “रविवारी या रे.” निरीक्षकांना त्या रविवारी झोपायचं होतं. पण आईला ‘मला झोपायचंय’ असं सांगणारा मुलगा अजून जन्माला यायचाय. ते म्हणाले, “आलो असतो गं, पण तिकडे कबूल केलंय. आणि सासूबाईंचा स्वभाव तर तुला माहीतच आहे.”

आईला माहीत नव्हता. कारण सासूबाईंना तसा काही स्वभावच नव्हता. पण आई निवृत्त मेट्रन; रोग्याचं वर्णन अर्धं ऐकून उरलेलं स्वतः भरणारी. “ब्लडप्रेशर असेल,” ती म्हणाली. निरीक्षक म्हणाले, “तसंच काहीतरी.”

खोटं वजन एका पारड्यात टाकलं की दुसऱ्यातही टाकावं लागतं. तेव्हा बायकोने आपल्या माहेरी सांगून टाकलं की आमचे अण्णा, म्हणजे तिचे सासरे, भयंकर रुसतात. एकदा रुसले की आठवडाभर तोंड उघडत नाहीत. अण्णा छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम करून निवृत्त झालेले. ते न रुसताही तोंड उघडत नसत, त्यामुळे हे खोटं विशेष टिकाऊ निघालं.

वर्षं गेली तशी दोन्हीकडची माणसं या दोघांच्या हातून घडत गेली. एका रविवारची दांडी मारायची तर सासूबाईंना चक्कर आली. कधी अण्णा जेवणावरून उठून गेले. दोन्ही घरांत पलीकडच्या घराबद्दल बोलताना आवाज खाली येऊ लागला. आणि सांगून सांगून, ज्यांनी ही थाप जन्माला घातली होती, त्या दोघांनाही ती हळूहळू खरी वाटू लागली. अण्णांनी मिठाचं भांडं जरा जोरात ठेवलं की बायको दचकायची.

हे झालं रविवारचं. वर्षाच्या शेवटी मोठी सुट्टी यायची तेव्हा न्यायाची खरी कसोटी लागे. अर्धी सुट्टी इकडे, अर्धी तिकडे. इकडे निरीक्षकांना त्यांच्या लहानपणीच्या पलंगावर झोपावं लागे. त्या पलंगाची वाढ थांबलेली आणि निरीक्षकांची झालेली, त्यामुळे पाय कठड्याबाहेर. आई सकाळी येऊन चादरीचे कोपरे मेट्रनच्या शिस्तीने घट्ट खोचून जाई, आत माणूस आहे की नाही हे न बघता. तिकडे झोपायला उघडमीट करणारा सोफा होता. त्याच्या मधल्या दांडीने निरीक्षकांच्या पाठीवर कायमचा शिक्का मारला होता. शिवाय सासरे भूगोलाचे मास्तर. नाश्त्यालाच विचारत, “बोला जावईबापू, वाळवंटात रात्री थंडी का पडते?” निरीक्षकांना ते दरवर्षी आठवत नसे आणि मास्तर दरवर्षी तितक्याच आनंदाने समजावून सांगत.

आणि या वर्षी निरीक्षकांनी खुर्ची घेतली.

वेताची, लांब पाठीची, पाय पसरायला पुढे फळी असलेली आरामखुर्ची. त्यांनी गॅलरी मापली, खुर्ची मापली, दार उघडल्यावर किती जागा उरते तेही मापलं. खुर्ची गॅलरीत अशी बसली की बोटभर जागा इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. तीन महिन्यांत ते तिच्यावर एकदाही धड टेकले नव्हते. शनिवारी खात्याचे हिशेब, रविवारी कोंबडी. पण दुकानात कुणाच्या काट्यापुढे वाकून उभे असताना त्यांना ती दिसायची: खुर्ची, कोवळं ऊन, वर्तमानपत्र, आणि समोर एकही नातेवाईक नाही.

“या सुट्टीत कुठेच नको जायला,” ते एका दुपारी बायकोला म्हणाले. “आपण दोघं घरी राहू. मस्त गॅलरीत बसू.”

बायको खुर्चीकडे पाहत म्हणाली, “किती छान.”

“पण सांगायचं काय?”

“सांगायचं नाहीच. घडवायचं.” तिने हातातला चहा ठेवला. ऑपरेशनच्या आधी बोलायची तशा शांत आवाजात ती बोलू लागली. “दोघांनाही एकाच दिवशी जेवायला बोलाव. तुझी आई आणि माझी आई समोरासमोर. सूप संपायच्या आत ठिणगी पडेल. मग आपण तोंडं पाडून म्हणायचं, तुमचं एकमेकांशी पटत नाही, एकाकडे गेलो की दुसरा दुखावतो, तेव्हा या वर्षी आम्ही कुणाकडेच येत नाही.”

“ही फसवणूक झाली.”

“याला काटा मारणं म्हणतात. तुला मी शिकवायचं?”

निरीक्षकांनी खुर्चीकडे पाहिलं आणि हरकत मागे घेतली.

ठरल्या रविवारी दुपारपासून त्यांना एकच काळजी. खिळ्याचं काय?

“दुसरा खिळा ठोक,” बायको म्हणाली. “दोन्ही लाव.”

“मग उजवीकडे कोण? एक उजवीकडे गेलं की दुसरं डावीकडे जाणारच.”

“एकाखाली एक लाव.”

“मग खाली कोण?”

शेवटी खिळा रिकामा ठेवायचं ठरलं. न्याय म्हणजे तरी काय, दोघांवर सारखाच अन्याय. घड्याळ आणि बदकं पलंगाखालीच राहिली.

संध्याकाळी दोन्ही जोडपी एकाच वेळी जिन्यात भेटली, आणि भेटली ती इतक्या दबक्या आवाजात की दार उघडेपर्यंत निरीक्षकांना कुणी आल्याचं कळलंच नाही. आई सासूबाईंचा हात कोपराला धरून आत घेऊन येत होती.

“सावकाश हं. उंबरा आहे.”

“हो हो, दिसतोय मला,” सासूबाई म्हणाल्या, आणि अण्णांकडे वळून अतिशय मवाळ स्वरात, “आम्ही आधी आत गेलो तर चालेल ना तुम्हाला?”

अण्णांनी मान हलवली. सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

जेवायला बसताना मास्तरांनी अण्णांना खिडकीजवळची जागा दिली. आईने सासूबाईंच्या पाठीशी उशी ठेवली आणि पंखा हळू केला. सासूबाईंना उकडत होतं, पण समोर बसलेल्या अण्णांना राग येईल म्हणून त्या बोलल्या नाहीत. चौघंही अशी जेवत होती, जसं शेजारच्या खोलीत कुणी गंभीर आजारी आहे. सूप संपलं. ठिणगी सोडा, चमच्याचाही आवाज झाला नाही.

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने भुवया उंचावल्या: डोस वाढव.

“सासूबाई,” निरीक्षक घसा खाकरून म्हणाले, “आईला तुमच्या लेकीची कोंबडी जरा कोरडी वाटतेय बहुतेक.”

“मी? मी कधी म्हटलं?” आई घाबरून म्हणाली. “छान झालीये हो. मी तर दुसऱ्यांदा घेतलीये.”

“कोरडीच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मीच सांगणार होते. पोरीला माझ्याकडून एवढं एक शिकायला जमलं नाही.”

“आमच्याकडे तरी कुठे जमतं? माझी तर दगड होते.”

“वरून झाकण ठेवता का तुम्ही?”

आणि दोघी झाकणावर बोलू लागल्या. मास्तरांनी अण्णांना वाळवंटात रात्री थंडी का पडते ते विचारलं. अण्णांना येत होतं. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी आपल्या ताटातला बटाटा अण्णांना वाढला. निरीक्षकांना आपली सुट्टी, खुर्ची, कोवळं ऊन, सगळं त्या बटाट्याबरोबर पलीकडे जाताना दिसलं.

पुडिंगच्या वेळी सासूबाईंची नजर सोफ्याच्या वर गेली.

“अगं,” त्या लेकीला म्हणाल्या, “बदकं कुठे गेली?”

“काच बदलायला दिलीये,” बायको म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेमक्या त्याच वेळी आई मुलाला विचारत होती, “अरे, घड्याळ दिसत नाही?”

“दुरुस्तीला टाकलंय,” निरीक्षक म्हणाले.

आईने चमचा खाली ठेवला. “कुठली बदकं हो?”

“माझी. मी भरलेली. तिथे असतात ना, त्या खिळ्यावर.”

“त्या खिळ्यावर तर आमचं घड्याळ असतं.”

“छे, बदकं. दर वेळी पाहतो आम्ही.”

“दर वेळी टोले ऐकतो आम्ही!”

अण्णा उठले. बायको अंग चोरून बसली, कारण हे ते प्रसिद्ध रुसून उठणं असावं. पण अण्णा सोफ्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि छापून आलेल्या पानावर नाक टेकवून चूक शोधावी तसं भिंतीला नाक लावलं.

“एक गोल डाग,” ते म्हणाले. “एक चौकोनी. एकावर एक.” कुणी न विचारता ते बोलले, असं हे त्यांचं त्या संध्याकाळचं पहिलंच वाक्य होतं.

निरीक्षकांना आपल्या नोकरीतला तो क्षण फार ओळखीचा होता: दुकानदार पारड्यापुढे उभा, मेण निरीक्षकाच्या हातात, आणि दुकानदार म्हणतोय, साहेब, हे कुणी लावलं मला माहीत नाही. फक्त आजवर ते नेहमी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असत.

“पण मग तुमचं ब्लडप्रेशर?” आईने सासूबाईंना विचारलं. एकदा शंका आली की मेट्रन रजिस्टर बंद करत नाही. “मागे मोठा पाऊस झाला त्या रविवारी तुम्ही चक्कर येऊन पडलात, म्हणून ही दोघं आमच्याकडे आली नाहीत.”

“मी? मी उभ्या जन्मात कधी पडले नाही! त्या रविवारी तर तुमचे हे रुसले होते, म्हणून ही आमच्याकडे आली नाहीत.”

“हे? रुसले?” आई हसू आवरत म्हणाली. “अहो, हे रुसले तर मला तरी कसं कळणार? एरवी काय पोपटासारखे बोलतात?”

“म्हणजे त्या रविवारी तुमच्याकडेही नाहीत आणि आमच्याकडेही नाहीत,” मास्तर बोटाने टेबलावर नकाशा काढत म्हणाले. “मग ही दोघं होती कुठे?”

चौघांनी दोघांकडे पाहिलं. निरीक्षकांनी पुडिंगकडे पाहिलं.

“झोपलो होतो,” बायको म्हणाली. भूलतज्ज्ञाच्या तोंडून ते फारच प्रामाणिक वाटलं.

आता फुटेल, निरीक्षकांना वाटलं. उशिरा का होईना, ठिणगी पडेल. दोन्ही आया मिळून आपल्याला फाडून खातील, पण निदान या वर्षी कुणी बोलावणार तरी नाही. ते मान खाली घालून वाट पाहू लागले.

आवाज आला तो हसण्याचा. आधी सासूबाईंचा, मग आईचा. आईने ती उशी सासूबाईंच्या पाठीमागून ओढून काढली. “द्या इकडे! मघापासून जीव मुठीत धरून बसलेय मी. म्हटलं ही बाई आता पडते की मग पडते.”

“आणि मी! यांना मीठ पुढे करू की नको, इथपासून विचार करतेय. अहो, तो पंखा वाढवा आधी!”

“अगं आई,” निरीक्षक म्हणाले, “आमचा हेतू एवढाच होता, की कुणावर अन्याय होऊ नये. अर्धं तुमच्याकडे, अर्धं त्यांच्याकडे...”

“पण मागितलं कुणी होतं?” आई म्हणाली.

प्रश्न तिने रागाने विचारला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“दर सुट्टीत मी गाद्या काढते, चादरी काढते,” ती सासूबाईंना सांगू लागली. “हा येतो आणि झोपतो. मी यांना म्हणायचे, या वर्षी नको म्हणू या, आपण कुठे तरी फिरून येऊ. मग वाटायचं, विहीणबाई तापट. त्या म्हणतील, सख्ख्या मुलाला सुट्टीत घरी घेत नाहीत.”

“अहो, आमचं तेच!” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या मास्तरांनी आयुष्यभर फळ्यावर डोंगर काढले, एक डोंगर डोळ्यांनी पाहिला नाही. दर वर्षी म्हणतात, जाऊ या. मी म्हणते, जावई येणार, सोफा उघडायला हवा. नाही उघडला तर तुमचे हे रुसतील.”

“सोफ्याची दांडी लागते म्हणून तक्रारही करतात,” मास्तर म्हणाले. “आणि वाळवंटाचं उत्तर अजून येत नाही.”

नऊ वर्षांचा न्याय टेबलाच्या मधोमध, पुडिंगशेजारी पडला होता आणि कुणालाच वाढून नको होता. निरीक्षकांना एकाएकी फार लागलं. सुट्टीत नातेवाईक नको होते ते त्यांना. आपण कुणाला नको असू, हे त्यांनी मोजलं नव्हतं.

पुढची बोलणी त्यांच्या डोक्यावरून झाली. मास्तरांना एका डोंगरातलं अतिथिगृह माहीत होतं. म्हणजे त्याचे अक्षांश-रेखांश माहीत होते. अण्णा म्हणाले की ते यायला तयार आहेत. आईने सासूबाईंना गरम कपडे कोणते घ्यायचे ते सांगितलं. मास्तरांची जुनी गाडी होतीच.

“आम्ही?” निरीक्षकांनी विचारलं. त्यांनाच आपला आवाज परका वाटला.

“तुम्हाला कशाला दगदग?” सासूबाई मायेने म्हणाल्या. “गाडीत चारच मावतात.”

“आणि तुम्हाला झोपायचं असेल,” आई म्हणाली.

निघताना दोघी आत गेल्या, पलंगाखाली वाकल्या आणि आपापली वस्तू घेऊन आल्या. जिन्यापर्यंत पोचेस्तोवर अदलाबदल झाली होती: घड्याळ सासूबाईंच्या काखेत, बदकं आईच्या. “पिल्लाला जपा हं,” सासूबाई सांगत होत्या. “ते खाकरतं, घाबरू नका,” आई सांगत होती.

सुट्टी लागली. खिळ्यावर आता दोन घरांच्या किल्ल्या होत्या, कारण दोन्हीकडे कुंड्यांना पाणी घालायचं होतं. निरीक्षकांनी ते काम समसमान वाटून घ्यायचा प्रस्ताव मांडला. बायको म्हणाली, “दोन्हीकडे तूच जा, तुला न्यायाची आवड आहे.” पहिल्याच सकाळी ते दोन्ही घरच्या कुंड्यांना पाणी घालून परतले तेव्हा फोनवर फोटो आला होता. एका शालीत दोन विहिणी, मागे डोंगराकडे बोट दाखवणारे मास्तर, आणि कडेला अण्णा. तोंड उघडं. बोलत होते.

निरीक्षकांनी फोन ठेवला. वर्तमानपत्र काखेत धरलं, चहा हातात घेतला आणि तीन महिने मनात जपलेल्या त्या उन्हाच्या दिशेने निघाले. गॅलरीचं दार अर्धंच उघडलं आणि कशाला तरी अडलं.

खुर्चीच्या फळीवर दोन पाय होते. बायको डोळे मिटून पडली होती, तोंडावर ऊन, पोटावर मासिक.

“अगं,” निरीक्षक फटीतून म्हणाले, “आपण दोघं बसणार होतो ना?”

“हो की,” ती डोळे न उघडता म्हणाली. “बस ना.”

निरीक्षकांनी जागेचा अंदाज घेतला. अंदाज घ्यायची गरज नव्हती. मापं त्यांनी स्वतःच घेतली होती. गॅलरीत दुसरी खुर्ची मावत नव्हती.